पांढऱ्या बीची वाघनखी

वाघनखीचं नख कोपरापर्यंत लांब निघालं, तिथंच डोमितिलाच्या मनात पाल चुकचुकली.

खरं तर ती आली होती मीठ मागायला. थोरल्या बहिणीच्या घरात कुणी दिसेना, म्हणून मागच्या बाजूला गेली, तर मागं हा प्रकार. काटेरी फांद्यांचं दाट कुंपण, आत ओळीनं लावलेली वाघनखी. मोसम सरत आलेला, तरी चारदोन गुलाबी फुलं अजून पानांआडून डोकावत होती. बाकी शेंगा वाळून उकलल्या होत्या आणि प्रत्येक शेंगेची दोन काळी नखं शिंगांसारखी वळून वर आली होती. डोमितिलानं एक शेंग उचलली, नख सरळ करून आपल्या हाताशी लावलं. मधल्या बोटाच्या टोकापासून थेट कोपरापर्यंत. मग शेंग झटकून एक बी तळहातावर घेतली. पांढरी होती.

रानात आपोआप येते त्या वाघनखीची बी काळी आणि नख बोटभर. गावातल्या बायका घरामागं लावतात तिची बी पांढरी, पण नख फार तर दीड वीत. हातभर नख आणि पांढरीफेक बी, अशी वाघनखी सगळ्या पंचक्रोशीत एकीचीच होती. ती म्हणजे या दोघींची आई. आणि आईला जाऊन दोन उन्हाळे झाले होते.

मेलेल्या माणसाचं जे असेल ते त्याच्याबरोबर जातं. कपडे, अंथरूण, टोपली विणायची आरी, अर्धवट राहिलेली टोपली, सगळं जाळायचं. ठेवून घेतलं तर ते माणूस मागायला येतं, आणि आलेलं रिकाम्या हातानं जात नाही. वाळवंटातल्या ओओधाम लोकांच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. आईचं बियाणं कॉफीच्या लाल डब्यात असायचं. तो डबा आतून थोरल्या सेफेरीनानंच आणला होता आणि आगीत टाकलाही तिनंच. डोमितिलाला तिची पाठ आठवत होती. डबा आणायला ती आत गेली आणि बाहेर यायला तिला जरा वेळच लागला होता, नाही का? आणि टाकताना डबा खुळखुळला होता का? डोमितिला तेव्हा धाय मोकलून रडत होती, तिला काही ऐकू आलं नव्हतं. रडण्याच्या नादात आपण एवढी साधी गोष्ट ऐकू नये, याचा तिला आता संताप आला.

संतापाला आणखीही एक कारण होतं, ते तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं. टोपलीवरची काळी नक्षी होते ती या नखांच्या सालीतून. नख भिजवायचं, टोकाशी दातानं धरून साल सोलायची, सुरीनं खरवडून पट्टी काढायची. नख लांब तर पट्टी लांब. आईची वाघनखी गेल्यापासून डोमितिला आखूड पट्ट्यांना जोड देत बसली होती. घडीघडी जोड, घडीघडी आरीचं टोक बोटात. बोटांची नुसती चाळण झाली होती. आपण रीत पाळून हे भोगतोय आणि थोरलीनं मात्र घरामागं हे पिकवलंय, हे तिला गिळवत नव्हतं.

"काय गं, कुंपणात काय करतेयस?" मागून आवाज आला. सेफेरीना टोपल्यांसाठी तोडलेल्या युक्काच्या पानांचा भारा घेऊन उभी होती. अंगानं भरलेली, चालली तरी धापा टाकणारी बाई.

"मीठ हवं होतं."

"मी मीठ कुंपणात ठेवत नाही."

"आक्का, ही बी कुठली?"

सेफेरीनानं भारा खाली ठेवला. पदराशी चाळा करावा तसं गळ्याच्या रुमालाशी उगाच काहीतरी केलं. "उगवली," ती म्हणाली.

"आपोआप?"

"हो."

"ओळीनं?"

"शहाणी बी आहे. तुझ्यासारखी नाही." सेफेरीना हसली, पण डोळ्यांनी हसली नाही. मग पुढं होऊन तिनं डोमितिलाच्या हातातली शेंग काढून घेतली, झाडाखाली होती तिथं परत ठेवली. "हात लावू नकोस गं अजून. सगळ्या नीट वाळू देत. मग मी बघते काय करायचं ते."

सख्ख्या बहिणीच्या हातातून वस्तू काढून घ्यायची! वर मीठ देताना मूठभर जास्तच दिलं. चोराचा हात असाच सैल असतो, डोमितिलाच्या मनात आलं. ती मीठ घेऊन घरी आली, पण त्या दिवशी तिनं ते स्वयंपाकात घातलं नाही.

घरी तिची लेक नेलीदा मांडवाखाली खाटेवर पडून होती. पोटुशी होती, दिवस भरत आले होते, आणि मध्येच रक्त दिसल्यामुळं दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिला उठायची बंदी केली होती. पोरगी कंटाळून गेली होती. खाटेवर पडल्यापडल्या नवऱ्याला, कुत्र्याला आणि आईला हुकूम सोडायची. मांडवाच्या अंगाला मेस्कीटचं जुनं काटेरी झाड होतं आणि त्याच्या वाळक्या फांदीवर दिवस मावळताना एक घुबड येऊन बसायचं.

घुबड म्हणजे काय, हे तिकडे कुणालाही विचारा. गेलेलं माणूस घुबड होऊन येतं. ते कधीपासून येतंय, हे डोमितिलाला नीट आठवत नव्हतं. पण आक्काच्या वाघनखीला फुलं लागली तेव्हापासूनच, असं तिनं ठरवून टाकलं, आणि एकदा ठरवल्यावर तिला तसंच आठवायला लागलं.

"आई, उंदरांसाठी येतं गं ते," नेलीदा म्हणाली. "हर्मन कोंबड्यांना दाणे घालतो का जमिनीला, तेच कळत नाही. सगळीकडे सांडलेत."

"उंदीर आधी नव्हते का?"

"होते. घुबडही होतं. तू बघत नव्हतीस."

"माझ्याकडे बघून हुंकारतं ते."

"मग तूही हुंकार. बरं दिसेल." नेलीदा हसली आणि हसताना पोट धरून एकदम गप्प झाली. डोमितिलाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. काही नव्हतं, पोरानं लाथ मारली होती. पण त्या क्षणापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली. आई आपलं बियाणं मागायला आली आहे, आणि ते मिळालं नाही तर हे पोर घेऊन जाईल.

दुसऱ्या दिवशी तिनं जावयाला धरलं. हर्मन अबोल आणि स्वभावानं गरीब, खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल व्हायचे.

"आक्काला गाडीतून कुठं कुठं नेतोस रे तू?"

"दुकानात. चर्चला."

"आणि?"

"आणि दवाखान्यात, गुडघ्यासाठी."

"थंडीत नेलं होतंस ना कुठंतरी? रात्रीची राहिली होती. शेजारची बेसी म्हणत होती."

हर्मनचे कान पेटले. "मावशीनं सांगू नको म्हटलंय," तो पुटपुटला आणि गाडीखाली शिरला. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

म्हणजे जावयालासुद्धा यात ओढलंय! डोमितिलानं दिवसभर डोकं चालवलं. थंडीत, गुपचूप, एक रात्र. कुठं जाणार? वैदूकडेच. आक्कानं आईचं बियाणं लपवलं, मग भीती वाटली, मग लांबच्या वैदूकडून स्वतःला बांधून घेतलं. आता आई तिच्या दारी जाऊ शकत नाही, म्हणून आमच्या दारी येते. हे एकदा जुळल्यावर सगळंच जुळत गेलं. सेफेरीना रोज नेलीदाला बघायला यायची, ते का? पाप टोचतंय म्हणून. परवा तिनं नेलीदाच्या कपाळावर हात ठेवला होता, तो का? आणि नेलीदासाठी टेपरी डाळीचं कालवण घेऊन आली, त्यात काय होतं? डोमितिलानं ते कालवण कुत्र्याला घातलं. कुत्र्यानं ते चाटून पुसून खाल्लं आणि आणखी मागायला आलं.

तरी एकदा तोंडावर विचारावं, म्हणून ती सेफेरीनाकडे गेली. सेफेरीना चुलीपाशी बसून रोट्या करत होती. पीठ दोन्ही हातांवर असं काही फिरवायची की रोटी ताटापेक्षा मोठी आणि रुमालासारखी पातळ व्हायची.

"आक्का, आई येते का गं तुझ्या स्वप्नात?"

"येते की."

"काय मागते?"

"कॉफी मागते. साखर जास्त घाल म्हणते."

"आणखी?"

"आणखी म्हणते, तुझी धाकटी बहीण फार प्रश्न विचारते." सेफेरीनाचं सगळं अंग हसण्यानं गदगदलं.

डोमितिला हसली नाही. "चेष्टा नको करूस. जे तिचं आहे ते तिला देऊन टाक. माझी पोर अडकलीय."

सेफेरीनाचा रोटीवरचा हात थांबला. तिनं डोमितिलाकडे बघितलं. "नेलीदाला काही होत नाही," ती म्हणाली. "मी आहे ना."

"तू काय करणार आहेस?"

"जरा दम धर गं बाई. शेंगा एकदा हातात येऊ देत. मग सगळं सांगते तुला, शपथ."

आधी हातात येऊ देत! म्हणजे माल हातात पडला की मग सांगणार. डोमितिला तडक उठली. सेफेरीनानं तिच्या मागं गरम रोटी गुंडाळून पुढं केली, ती तिनं घेतली नाही.

त्याच आठवड्यात नेलीदाला पुन्हा रक्त दिसलं. हर्मननं तिला दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं तपासून परत पाठवलं. पोर बरं आहे, हिला पडून राहू द्या, एवढंच सांगितलं. डोमितिलाचा डॉक्टरवर राग नव्हता. बिचारा आपल्या परीनं सांगत होता, त्याला काय ठाऊक कोण कशाला आलंय ते.

शनिवारी गावातल्या बायका जत्रेला टोपल्या विकायला निघाल्या. पाद्रीबाबाच्या गाडीत दाटीवाटीनं बसल्या, त्यांत सेफेरीनाही होती. मुक्काम करून रविवारी दुपारी परत येणार होत्या. गाडीची धूळ खाली बसायची वाटही न बघता डोमितिला दिव्याचं रॉकेल आणि दाताळं घेऊन निघाली.

वाघनखी सहजासहजी जळत नाही. खोडं चिकट, ओली, हात लावला की कुबट वास. तिनं झाडं मुळापासून उपटली, पडलेल्या शेंगा दाताळ्यानं ओढल्या, वर मेस्कीटची वाळकी लाकडं रचली आणि सगळं रॉकेल ओतलं. शेंगांची नखं तिच्या झग्याला, पायमोज्यांना, बाहीला धरून बसली होती. एकेक सोडवून तिनं आगीत टाकली. एक नख काही केल्या निघेना, तर तेवढं कापडच फाडून टाकलं. एकसुद्धा शेंग राहू द्यायची नव्हती.

आग चांगली पेटली. शेंगा तडतडायला लागल्या तेव्हा तिचा धीर सुटला. "घे गं बाई तुझं," ती रडत म्हणाली. "सगळं घे. मी नव्हतं ठेवलं काही. माझ्या पोरीला सोड." आईला असं अद्वातद्वा बोलताना तिला लाज वाटली आणि हलकंही वाटलं. सगळं जळून निखारे काळे पडेपर्यंत ती तिथं उभी राहिली.

घरी आली तर नेलीदा उशीला टेकून बसली होती. तिनं दोन वाट्या डाळ खाल्ली आणि तिसरी मागितली. डोमितिलाच्या मनावरचं ओझं उतरलं. तिनं हर्मनलाही हसून वाढलं, तो घाबरला.

दिवस मावळला आणि घुबड आलं. त्याच फांदीवर, त्याच जागी बसलं, मान फिरवून जमिनीकडे बघितलं, झेप घेतली आणि उंदीर घेऊन वर गेलं.

"बघ," नेलीदा खाटेवरून म्हणाली, "जेवायला बसले तुझे पाहुणे."

आई आज निरोप घ्यायला आली असेल, डोमितिलानं स्वतःची समजूत घातली. पण समजूत बसेना.

रविवारी दुपारी ती सेफेरीनाच्या दारात जाऊन बसली. लपून राहणारी नव्हती ती. काय बोलायचं ते मनात घोळवून आली होती. सेफेरीना गाडीतून उतरली, हातात नेलीदासाठी संत्री होती. डोमितिलाला बघून तिचं तोंड फुललं. मग वास आला असावा. संत्री तशीच हातात धरून ती घरामागं गेली. डोमितिला तिच्या मागोमाग गेली.

सेफेरीना काळ्या डागाकडे बघत उभी राहिली. ओरडली नाही. हळूहळू जमिनीवर बसली, जाड बाई बसते तशी, आधी एक हात टेकून.

"चोरीचं होतं, जाळलं," डोमितिला म्हणाली. हनुवटी वर होती.

"कुणाचं चोरलं मी?"

"आईचं. डबा बदललास तू. रिकामा डबा आगीत टाकलास."

"डबा भरलेला होता. तुझ्यादेखत टाकला. आत मला वेळ लागला, कारण तो छातीशी धरून मी रडत होते. बाहेर तू रडत होतीस, दोघींनी एकदम कसं रडायचं?"

"मग ही बी कुठली?"

"बेर्नार्दाची."

हे नाव डोमितिलासमोर कुणी काढत नसे. बेर्नार्दा म्हणजे तिची सासू, सरहद्दीच्या तारेपलीकडच्या गावातली. नवरा दारू पिऊन मारायचा म्हणून डोमितिला कडेवरच्या नेलीदाला घेऊन निघाली, तेव्हा दारात उभं राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं त्या म्हातारीनं तिला बोलून घेतलं होतं. या घरचं पाणीसुद्धा पुन्हा पिणार नाही, असं डोमितिलानंही तिला सुनावलं होतं.

"तुझ्या लग्नात आईनं विहिणीला ओंजळभर बी दिली होती," सेफेरीना म्हणाली. "जिवंतपणी, स्वतःच्या हातानं. दिलेलं ते दिलेलं, ते मेलेल्याचं राहत नाही. मला थंडीत आठवलं. हर्मनला म्हटलं, चल."

"तू तिच्या दारात गेलीस?"

"गेले. तिनं आधी तुला शिव्या दिल्या. मग मला कॉफी दिली. मग रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी होती ती सगळी बी दिली. म्हणाली, आता माझ्याच्यानं पेरणं होत नाही, तुम्ही पेरा. पण त्या भांडकुदळ बाईला माझं नाव सांगू नकोस, उकिरड्यात फेकेल ती." सेफेरीनानं राखेकडे हात केला. "उकिरड्यात नाही फेकलीस."

"तू मला सांगायचं होतंस, आक्का."

"सांगितलं असतं तर हात लावला असतास?"

डोमितिलानं खोटं बोलायचं ठरवलं, पण जमलं नाही. "नसता लावला," ती म्हणाली.

"म्हणून म्हटलं, आधी शेंगा काढू. निम्म्या तुझ्या घरी टाकू. तू सोलायला बसलीस, टोपलीला दोन वेढे पडले, की मग सांगू. विणायला घेतलेली टोपली तू सोडत नाहीस, हे मला ठाऊक आहे. तुझ्या बोटांकडे बघवत नाही गं मला."

डोमितिलाला हुंदका फुटला. "मी जाते. मी स्वतः जाते तिच्याकडे. पाया पडते तिच्या. ती काय म्हणेल ते ऐकून घेते."

"उन्हाळ्याच्या तोंडाशी गेली ती," सेफेरीना म्हणाली. "त्यांनीही सगळं जाळलं."

डोमितिला धावत सेफेरीनाच्या घरात शिरली, पाखडायची टोपली घेऊन आली आणि राखेत गुडघ्यांवर बसली. ओंजळीनं राख टोपलीत घ्यायची, हलवायची, फुंकायची. राख नाकातोंडात जात होती. अर्धवट जळलेली एकेक शेंग ती दगडानं फोडत होती. सेफेरीना आपल्या जागेवरून हलली नाही, आणि थांब, असंही म्हणाली नाही. ऊन उतरलं तेव्हा डोमितिलाच्या मुठीत थोड्या बिया जमल्या होत्या. वरून मळक्या, पण पुसल्या की पांढऱ्या.

"आक्का, सापडल्या! बघ, अख्ख्या आहेत!"

सेफेरीनानं हात पुढं केला. एक बी घेतली, अंगठ्याच्या नखाखाली दाबली. साल चटकन सुटली, आतला गर तपकिरी होता.

"भाजलीय," ती म्हणाली.

तिनं दुसरी दाबली. तीही भाजलेली. तिसरीही. सेफेरीनानं सोललेली बी फेकून दिली नाही, तोंडात टाकली आणि सावकाश चावली. चावताचावता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आई चुलीवर भाजून द्यायची तशीच लागतेय," ती म्हणाली. दुसरी बी तिनं डोमितिलापुढं धरली. "खा."

"आक्का, नको गं."

"खा म्हणते ना. तिची शेवटची आहे. मातीत टाकू का?"

डोमितिलानं ती जिभेवर घेतली. तेलकट, गोडसर चव होती, लहानपणीची. मग सेफेरीना एकेक बी नखानं दाबून बघत राहिली, एक स्वतःला, एक धाकटीला. कच्ची एकही निघाली नाही.